गोवरच्या रकान्यात

गोडदेव गावात मला कोणी नावानं ओळखत नसे. मी 'टाक्याची बाई'. लांबून पांढरी साडी दिसली की ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या बाया सुपं उचलून आत जायच्या आणि एखादी सासू दारातूनच सांगायची, "सून म्हायेरी गेलीय." मागच्या दारी सून भांडी घासत असल्याचा आवाज येत असायचा. मी तिकडे लक्ष न देता प्यायला पाणी मागायची. पाणी मागणाऱ्या माणसाला दारातून हाकलता येत नाही, हे नर्सिंगच्या पुस्तकात नसलेलं ज्ञान मला पहिल्याच वर्षी मिळालं होतं. भांडं घेऊन येणारी बहुतेक वेळा तीच सून असायची.

मी आरोग्यसेविका होते. भाईंदर पूर्वेच्या एका आरोग्य केंद्रातून निवृत्त झाले. बाहेरच्यांना वाटतं, नर्स म्हणजे ताप बघणारी, मलमपट्टी करणारी. आमचं काम दारोदार हिंडायचं होतं. ज्या घरात नवरा-बायको आहेत आणि बायकोला अजून मूल होऊ शकतं, ते 'पात्र जोडपं'. अशा सगळ्या जोडप्यांचं एक जाडजूड रजिस्टर माझ्या पिशवीत असे. मुलं किती, धाकटं केवढं, कुठल्या लसी झाल्या, पाळणा लांबवायला काय वापरता, पुढचा विचार काय. सख्ख्या बहिणी एकमेकींना विचारणार नाहीत असे प्रश्न मी ओटीवर पाणी पीत पीत विचारायची आणि उत्तरं रकान्यांत भरायची.

वर्षाला कुटुंबनियोजनाची किती ऑपरेशनं, म्हणजे गावाच्या भाषेत टाके, करून आणायची आणि किती तांब्या बसवायच्या, याचं टार्गेट ठरलेलं असे. तांबी म्हणजे कॉपर-टी. एप्रिलपासून आम्ही सगळ्या निवांत असायचो आणि फेब्रुवारी लागला की रजिस्टर घेऊन पळत सुटायचो. दहावीची मुलं आणि आम्ही, दोघांचा मार्च सारखाच जायचा. टार्गेट फक्त आम्हालाच नव्हतं, तलाठ्याला होतं, मास्तरांना होतं. एकदा शिबिराच्या मांडवात एका बाईवरून आमच्या तिघांची जुंपली. मास्तर म्हणाले, तिची मुलं माझ्या वर्गात आहेत, केस माझी. तलाठी म्हणाले, नवऱ्याला सातबारा काढून देताना मी समजावलं, केस माझी. मी तर तीन महिने तिच्या घरचं पाणी प्यायले होते. ती बाई बाकड्यावर पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमी तिघां वाटून घ्या, पन मना आदी घरी सोडा." आमच्या खात्यात माणसाला केस म्हणत, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा खटकलं. पण मार्च होता, खटकलेलं मी बाजूला ठेवलं आणि ती केस माझ्या नावावर लावून घेतली.

समजावण्यासाठी आमच्याकडे चित्रांचा एक तक्ता होता. एका पानावर माणसांनी खचाखच भरलेली होडी बुडतेय, दुसऱ्या पानावर आई, बाप, मुलगा, मुलगी ऐसपैस होडीतून हसत चाललेत. शहरातल्या बायका ते चित्र बघून मान डोलवायच्या. गोडदेवातल्या ताईबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी ते पान हातात घेऊन नीट बघितलं आणि मला परत दिलं. त्या सगळा जन्म मिठागरावर आणि भाताच्या खाचरात घालवलेल्या.

"होरी मानसांनी न्हाय बुडत, बाय," त्या म्हणाल्या. "भोक परलां का बुडते."

मी हसले. मला वाटलं, म्हातारीला मुद्दाच कळला नाही.

माझा स्वतःचा त्या चित्रावर पूर्ण विश्वास होता, हे इथे सांगायला हवं. मी काही नुसती पगारी पोपटपंची करत नव्हते. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊजण वाढलो. अभ्यासाला जागा म्हणजे जिन्याची पायरी. भावंडांतलं कोणी आजारी पडलं की आईच्या चेहऱ्यावर काळजीच्या आधी वैताग यायचा, आणि तो वैताग मी कधी विसरले नाही. लग्नानंतर भाईंदरला दोन खोल्या मिळाल्या तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं, आपल्याला एकच. एका मुलीवर मी थांबले. माणसं कमी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी जास्त माया येईल आणि पुढचे दिवस चांगले येतील, असं साधं गणित मी मांडलं होतं. ते गणित मी दारोदार वाटत होते.

वनिता ही त्या ताईबाईंची सून. चोविशीची असेल. नवरा आधी बापाबरोबर मिठागरावर जायचा, मग जमिनीचा एक तुकडा बिल्डरला गेला आणि त्यानं टेम्पो घेतला. रेश्मा पाच वर्षांची आणि नितीन आठ महिन्यांचा. मुलगी आणि मुलगा, म्हणजे आमच्या तक्त्यातल्या होडीत थेट बसवावं असं घर. मी तिला महिनाभर समजावत होते. लोकसंख्या, जागा, महागाई, सगळं सांगून झालं. ती ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. एक दिवस नितीनला त्रिगुणीचा शेवटचा डोस द्यायला गेले तेव्हा तिनंच विषय काढला.

"बाय, सासूला आठ झायली. चार ऱ्हायली. ती बोलतं, दोनावर कोन थांबते काय? ही माजी दोन जगतील काय, ते सांगा."

म्हणजे होडीशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं. मी नितीनच्या मांडीवर कापूस दाबून धरला होता. म्हटलं, "जगतील. आता लसी आहेत. त्या मी देतेय ना? हमी माझी."

"तुमी बोलताय तर करतंय," ती म्हणाली.

मार्चचा शेवटचा आठवडा होता आणि माझी एक केस कमी पडत होती. फॉर्मची अट होती की धाकटं मूल निदान वर्षाचं हवं आणि गोवरपर्यंतच्या सगळ्या लसी झालेल्या हव्यात. गोवरची लस नवव्या महिन्यानंतर देतात. नितीनला अजून वेळ होता. अट शहाणपणाची होती, मला ती माहीत होती. मी फॉर्मवर त्याचं वय सव्वा वर्ष लिहिलं. फॉर्म आणि रजिस्टर जुळायला हवं, म्हणून रजिस्टरमध्येही तेच केलं आणि गोवरच्या रकान्यात बरोबरची खूण केली. यात मला पाप वगैरे काही वाटलं नाही. आम्ही सगळ्याच करायचो. महिन्या-दोन महिन्यांनी देऊच, आता लिहून ठेवू. देण्याआधी लिहिलेल्या अशा कितीतरी खुणा मी नंतर इमानदारीनं पुऱ्या केल्या होत्या.

वनिताचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. परत आल्यावर मी रजिस्टरमधली तिच्या घराची ओळ लाल शाईनं आडवी मारली. ऑपरेशन झालेलं जोडपं पात्र राहत नाही, त्यामुळे त्या घरी जायचं कारणही उरत नाही. वर्षाचं टार्गेट पुरं झालं म्हणून मोठ्या साहेबांनी माझं नाव मीटिंगमध्ये घेतलं. मी घरी जाताना पेढे नेले.

एप्रिलमध्ये मला गोडदेवातून काढून मीरा रोडला टाकलं. तिकडे इमारतींवर इमारती उठत होत्या आणि कोणत्या घरात कोण राहतं याचा कोणाला पत्ता नव्हता. काल चिखल होता तिथे आज चार मजले आणि गॅलरीत वाळत घातलेले लंगोट. मी गोडदेवात वर्षभर घसा कोरडा करून जेवढे जन्म थांबवले असतील, त्याहून जास्त माणसं सिल्व्हर पार्कच्या एका रस्त्यावर महिन्याभरात सामान उतरवून घेत होती. आमचा तक्ता काढणाऱ्यानं हे धरलंच नव्हतं की माणसं नुसती जन्मत नाहीत, ती येतातही. रजिस्टरला नवी पानं शिवून शिवून ते उशीएवढं झालं.

तिथली तऱ्हा वेगळी. पाणी मागायची युक्ती चालेना, कारण दारच उघडत नसे. साखळी लावलेल्या फटीतून अर्धा चेहरा दिसायचा. "क्या बेचती हो? हमको कुछ नहीं चाहिए." मी म्हणायची, "कुछ नहीं बेचती, बहनजी, गव्हर्मेंट से आयी हूँ." तेव्हा तर दार पूर्णच बंद व्हायचं. दादरहून आलेल्या एका बाईंनी मात्र आत घेऊन चहा दिला. मी पिशवीतून तक्ता काढायला लागले तर त्या म्हणाल्या, "अहो, राहू द्या ते. आम्ही एकावरच थांबलोय. दोघंही नोकरी करतोय, बघणार कोण?" अशी कितीतरी घरं मला तिथे भेटली. न सांगता थांबलेली. गंमत म्हणजे ती आमच्या टार्गेटमध्ये धरत नसत. कोणी समजावल्याशिवाय शहाणं झालेलं माणूस आमच्या खात्याला चालत नसे.

या नव्या घरांच्या मोजदादीत मी नितीनला विसरले. अगदी सरळ विसरले. मे गेला, जून गेला. माझ्या जागी आलेली सिस्टर रजिस्टर बघून काम करत होती. त्यात त्या घरावर लाल रेघ होती आणि गोवरच्या रकान्यात खूण होती. ती तिथे कशाला जाईल?

दिवाळीनंतर गोवरची साथ आली. महिन्याच्या मीटिंगमध्ये त्या सिस्टरनं सांगितलं, "गोडदेवात एक मूल गेलं. गोवर उतरला आणि छाती भरली. लस झालेली होती हो, तरी गेलं." मी घर विचारलं. तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, लस दिली तरी क्वचित एखाद्याला होतो, आणि पुढच्या विषयाकडे वळले. खोलीत दहा-बाराजण होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. माझ्याच खुणेनं मला वाचवलं.

भेटायला गेले. ताईबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वनितानं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "बाय, तुमी सुया दिल्यात ना सगल्या? मंग कसां झालां?"

मी म्हटलं, "कधी कधी लागू नाही पडत गं."

माझ्या नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या. उशिरा गेले, चिडले, एखादीला नको तेवढं दामटलं. पण चुका आणि हे वाक्य यांत फरक आहे. चूक मार्चमध्ये झाली होती, तेव्हा मला परिणाम माहीत नव्हता. हे वाक्य मी सगळं माहीत असताना, तिच्या डोळ्यांत बघून बोलले.

वर्षभरानं वनिताच केंद्रावर आली. टाका उघडून परत मूल होऊ शकतं का, विचारायला. मी तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, रजा टाकून चार-पाच खेपा घातल्या, ओळखीनं नंबर पुढे घेतला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाट बघा. ती वाट बघत राहिली. दर महिन्याला माझ्याकडे यायची आणि नुसती मान हलवायची. दोन-अडीच वर्षांनी यायची थांबली. मूल झालं नाही. "बाय, तुमी आमच्यासाटी किती धावताव," असं तिचा नवरा मला म्हणायचा, आणि मला ते ऐकवत नसे.

गोडदेव परत मागून घेतलं. साहेबांना सांगितलं, घराजवळ पडतं. बुधवारी शाळेच्या पडवीत लसीकरण असायचं. पहिल्या दोन-चार बुधवारी पाच-सहा मुलं आली. मग एका बुधवारी वनिता दिसली, गल्लीतल्या सगळ्या लेकुरवाळ्यांना पुढे घालून आणत होती. नंतर हा तिचा नेमच झाला. कोणाचं मूल किती महिन्यांचं झालं, कोणाचा डोस राहिलाय, हे तिला माझ्या रजिस्टरपेक्षा पक्कं ठाऊक असे. त्यांच्या जुन्या घराच्या जागी तोवर भाड्याच्या खोल्या झाल्या होत्या. त्या बायकांना ती मोडक्या हिंदीत दटावायची, "सुई नही दिया तो भाडोत्री नही रखेगा." मी तो तिचा चांगुलपणा समजत होते. तिचा माझ्यावर एवढा विश्वास आहे, या विचारानं मी आतून कुरतडली जायची.

सात-आठ वर्षं अशी गेली. मग वरून हुकूम आला, टार्गेट बंद. आम्हाला ट्रेनिंगला बोलावलं. एक शिकलेल्या बाई छान बोलल्या, यापुढे आकडा धरायचा नाही, बाईला काय हवंय ते आधी विचारायचं. सगळ्या सिस्टर टाळ्या वाजवत होत्या. मला वाटत होतं, हे एवढंसं वाक्य सांगायला यांना इतकी वर्षं का लागली, आणि ते कळायला मला कोणी सांगावं का लागलं. वनितानं तर न विचारताच सांगितलं होतं तिला काय हवंय ते.

आता मी रिटायर आहे. मुलगी परदेशात, तिलाही मूल नको आहे, आणि मी तिला काही म्हणत नाही. ज्या पेपरांतून लोकसंख्येचा स्फोट वाचून मी घाबरायची, त्यांतच आता उलटं येतं, की जन्म कमी झाले, म्हाताऱ्यांना बघणार कोण. तेव्हाही भीती, आताही भीती. एवढंच मला कळलंय, की माझ्या भीतीच्या चित्रामुळे एकीनंही दोनावर थांबायचं ठरवलं नसेल. असलेली जगतील, असं ज्यांना वाटलं त्या थांबल्या. पुढच्या दिवसांवर याहून मोठा भरवसा कोणी टाकत नसेल. तो भरवसा त्यांनी माझ्या हातात दिला होता, आणि मी त्याची टार्गेटमध्ये भर घातली.

त्या ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी वनिताकडे गेले. ती अंगणात सुकट पाखडत होती. मी पाणी मागितलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. वय वाढवून लिहिलं ते, गोवरच्या रकान्यातली खूण, लाल रेघ, आणि 'लागू नाही पडत' हे खोटं होतं तेसुद्धा. तिचं सूप चालूच होतं.

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"रेश्मा तिसरीत व्हती. पेटीत तेचा कारड गावला. तिनं वाचला. बीसीजीच्या फुडं तारीक, पोलिओच्या फुडं तारीक. गोवरच्या फुडं काय न्हाय."

घरच्या कार्डावर मी नेहमी खरं लिहायची. ते कोणी तपासायला येत नसे.

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "बोलून काय? माजा पोऱ्या येनार व्हता? उलट गल्लीतल्या येकीनं पन तुमच्या हातात पोर दिला नसता. माजा सुई नव्हती म्हनून गेला. त्यांची तरी ऱ्हावूद्यात."

मी रडायला लागले. म्हटलं, "वनिता, मला माफ कर."

"माफी न्हाय देनार," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजी घ्यायची नाही असं सांगावं तशी. "ती मागू पन नका. बुधवारी येलेवर या. भाडोत्री बाया धा वाजता कामाव जातान."

मी बुधवारी साडेनऊलाच गेले. वनिता आधीच येऊन बसली होती, मांडीवर तिच्या भाडोत्रणीचं मूल. तिनं मूल पुढे केलं. मी त्याचं कार्ड बघितलं. नऊ महिने पुरे झाले होते. मी गोवरची सुई दिली आणि मग रकान्यात तारीख लिहिली. माझं लिहून होईपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत होती, आणि त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बुधवारी, प्रत्येक मुलामागे, ती तशीच बघत राहिली.